धरलेल्या जागा

शेजारच्या पूर्वाचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि मी आवळासुपारीची डबी घासून उन्हात पालथी घातली. पूर्वाला गाडी लागत नाही. तिला कुठे न्यायचंही नाही मला. पण एप्रिल आला, गल्लीतल्या पोरी पॅड आणि कंपास घरात भिरकावून ओट्यावर मोकळ्या बसल्या, की माझे हात आपोआप तयारीला लागतात. डबी, लिंबं, जुनी वर्तमानपत्रं, पाण्याच्या बाटल्या, ओला रुमाल, चांगल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या. पोटात बारीक कळ उठते आणि डोक्यात गाड्या सुटायला लागतात. सकाळची चिखली, तिथून बुलढाणा, परतीची शेवटची कोणती. ती चुकली तर दुसरी कोणती. आणि तीही चुकली तर?

ही कळ एका उन्हाळ्याची आहे. साक्षीच्या दहावीनंतरच्या.

साक्षी माझी एकुलती एक मुलगी. तिला लहानपणापासून गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. मेहकरच्या स्टँडवरून गाडी निघून गावाबाहेर पडेपर्यंत तिच्या ओठांचा रंग जायचा, आणि पुढच्या गावाच्या फाट्यावर मी पिशवी उघडून तयार असायची. लग्नाकार्याला जाताना तिचा फ्रॉक वेगळा बांधून न्यायचा आणि मांडवाच्या मागे बदलायचा, ही आमच्या घरची रीत झाली होती. बापाच्या मागे मोटरसायकलवर काही व्हायचं नाही. उघड्या टेम्पोतही नाही. लाल गाडीचा तो वास, तापलेल्या पत्र्याचा, डिझेलचा, रेक्झिनच्या सीटवर मुरलेल्या तेलाघामाचा, तो आला की संपलं. "मले भेव नाही लागत आई," ती म्हणायची, "मले वास येते."

तोवर हे हसून नेण्यासारखं होतं. दहावीनंतर राहिलं नाही. साक्षीच्या बाबांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची, जळालेल्या मोटारीतून तांब्याची तार उकलायची, नवी गुंडाळायची. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता, आणि कॉलेज होतं चिखलीला. रोज अपडाउन. होस्टेलचं नाव कोणी काढत नव्हतं, साक्षीही नाही. म्हणजे रोज सकाळी गाडी आणि रोज संध्याकाळी गाडी. ते जमणार नसेल तर गावातल्या कॉलेजात कला शाखा. कला शाखेत वाईट काही नाही, पण तिथे तांब्याची तार नाही.

सासूबाईंनी निकाल आधीच लावून टाकला होता. "पोरगी रोज ओकत जाईन अन् ओकत येईन. शिकन कवा? गावातच टाका तिले."

मी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेल्या कागदाला क्रमांक पडतो, जाणाऱ्याला पडतो, आणि क्रमांक पडला की मला बरं वाटतं. तेव्हा मी या प्रश्नालाही तसंच धरायचं ठरवलं. कॉलेज सुरू व्हायला अजून अख्खा उन्हाळा होता. दर रविवारी एक सहल काढायची. गाडीनंच. आधी जवळ, मग लांब, आणि शेवटी घाट. सवय लावायची. घरात सांगितलं, सुटीत जरा आजूबाजूचं बघू या. जुन्या गावात राहणाऱ्याचं असंच होतं. लोक लांबून आपलं बालाजीचं मंदिर, कंचनीचा महाल बघायला येतात आणि आपण आयुष्यभर त्यांना चहा पाजत बसतो, कुठे जात नाही. सासूबाईंना ते पटलं. "मले बी न्या," त्या म्हणाल्या. "मेल्यावर कुठी कोण नेते?"

पहिला रविवार लोणारचा. हा रस्ता मी मुद्दाम निवडला, सोपा म्हणून. लग्नसराई ऐन भरात, गाडीत हळदीच्या साड्यांचा आणि मोगऱ्याचा वास, त्यात कोणीतरी पायाशी कैऱ्यांची पिशवी ठेवलेली. मी साक्षीच्या पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधली होती, आमच्याकडे हा उपाय सगळे सांगतात. हातात लिंबू. तोंडात आवळासुपारी. मी दर मिनिटाला तिच्याकडे बघत होते. "कसं वाटते?" "बरं आहे." "आता?" "बरं आहे." "पोट ढवळते का?" सुलतानपूर यायच्या आत ढवळलं. पुढच्या सीटवरचा एक नवरदेवाकडचा मामा पाय वर घेऊन बसला तो लोणारपर्यंत. मी ओल्या फडक्यानं फरशी पुसत होते आणि सासूबाई सगळ्या गाडीला सांगत होत्या, "लहानपणापासूनच हाये हो, लहानपणापासूनच."

सरोवराच्या काठावरून खाली हिरवट पाणी दिसत होतं. वारा अगदी पडलेला. साक्षी कठड्याला टेकून खाली बघत होती आणि मी घड्याळाकडे. खाली उतरावं तर चढून येईस्तोवर गाडी जाईल. आम्ही वरूनच पाहिलं. आजही लोणार म्हटलं की मला पाणी आठवत नाही, स्टँडवरचा तो बाक आठवतो, जिथे बसून मी परतीच्या गाडीसाठी पिशव्या मोजत होते.

मग सिंदखेडराजा. तिथे जाताना ती निम्म्या रस्त्यापर्यंत टिकली, आणि मी मनात छोटीशी बरोबरची खूण केली. राजवाड्याच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. साक्षीनं खाल्ला नाही, परतीच्या भीतीनं. उपाशी पोटी जास्त लागते हे तिला मीच सांगितलं होतं. भरल्या पोटी जास्त लागते हेही मीच सांगितलं होतं.

एक गोष्ट सांगायला हवी, आमच्याकडे गाडीत बसायची पद्धत. गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिच्या अंगाला लागतात. ज्याचा हात लांब तो खिडकीतून रुमाल टाकतो, टोपी टाकतो, पिशवी टाकतो. ज्या सीटवर वस्तू पडली ती सीट त्याची. यावरून भांडणं होतात, पण नियम सगळे मानतात. गाडी लागणाऱ्या माणसाला तर पुढचीच जागा हवी, मागे हिसके बसतात. म्हणून आमच्यात ठरलेलं होतं. साक्षी चपळ, तिनं आधी चढायचं, पुढच्या जागा धरायच्या. मी सासूबाईंना घेऊन मागून यायचं. आणि मी तिला बजावून ठेवलं होतं, "काही झालं तरी जागा सोडायची नाही. कोणी काहीही म्हणो."

रोहिणखेडची सहल शेवटची. हीच खरी परीक्षा. चिखलीला गाडी बदलायची, बुलढाण्याला बदलायची, मग घाट उतरायचा. इतक्या गाड्या, इतक्या बदल्या आणि बरोबर सासूबाईंचे गुडघे. आदल्या दिवशी ऑफिसात मी एका पत्रावर चुकून दोनदा क्रमांक टाकला. साक्षीचे बाबा म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, नको, दुकान बघा. चौथा माणूस म्हणजे चौथी जागा.

घाटात जे व्हायचं ते झालं. वळणा-वळणावर झालं. शेवटी तिच्या पोटात काही उरलं नव्हतं तरी होत होतं. मी तिचं कपाळ धरून होते, आणि माझ्या हाताखाली ते थंडगार होतं, एवढ्या उन्हात. खिडकीच्या गजाला हात लावला की चटका बसत होता आणि पोरगी गार. त्या क्षणी मी मनातून हरले. म्हटलं, कला शाखा. ठीक आहे.

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीच्या आवारात मात्र सावली होती. दगड इतका गार की साक्षीनं त्याला गालच लावला. तिथे सावलीला बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांनी न विचारता तांब्याभर पाणी आणून दिलं.

"घाट लागला वाटते बेटीला?"

"हो, लहानपणापासूनच," सासूबाईंनी सुरू केलं.

"अहो बाई, माझी बेगम निकाह करून घाटातूनच आली," चाचा म्हणाले. "दोन-चार दिवस तोंडातून आवाज नाही. मले वाटलं, वा, काय अदबीची बायको भेटली! मंग पोट बसलं तिचं. अन् बोलायला लागली ते आजपावेतो थांबली नाही."

साक्षी हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. भिंतीवरच्या नक्षीकडे बघत ती म्हणाली, "आई, हे एवढं कोरलं तर मधात कोणाचा हात नसन का थकला?" मी नक्षी पाहिली की नाही, आठवत नाही. मी रस्त्याकडे कान लावून होते.

परतीला घाट चढताना ती डोळे मिटून पडून राहिली. बुलढाण्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि स्टँडवर माणसांचा लोट होता. लग्नं आटोपून सगळा तालुका घरी निघालेला. मेहकरची गाडी लागत होती. साक्षीनं माझ्या हातातून ओढणी, बाटली आणि रुमाल घेतला आणि ती गर्दीत घुसली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बाई, मले जाऊन येऊ दे." बायकांची मुतारी स्टँडच्या पार टोकाला. मी त्यांचा दंड धरून निघाले. साक्षी खिडकीत दिसली, पुढून दुसऱ्या रांगेत. तिनं हात केला. जागा मिळाली होती. मला हायसं वाटलं.

आम्ही परत येत होतो तेव्हा गाडी मागे सरकत होती. मी घाई केली नाही. स्टँडवर गाड्या अशा मागे-पुढे होतच असतात, ही काढ, ती लाव. सासूबाई म्हणाल्या, "गाडी चालली वं." मी म्हटलं, "वळवून लावतात आई. आपली आहे, साक्षी बसली आहे ना." म्हणजे जशी साक्षीच गाडी धरून ठेवणार होती.

गाडी वळली, फाटकातून बाहेर पडली आणि गेली.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. मी धावले, चपलेचा अंगठा तुटला. चौकशीच्या खिडकीवर मी काय बोलले देव जाणे, आतला माणूस म्हणाला, "ताई, आधी पाणी प्या. चिखलीला फोन लावतो, पोरीला उतरवून ठेवतील." साक्षीकडे मोबाईल नव्हता. पैसे नव्हते, ते सगळे माझ्या पर्समध्ये. पिशव्या माझ्याकडे. लिंबू माझ्याकडे. आवळासुपारीची डबी माझ्या हातात होती आणि ती मी इतकी घट्ट धरली होती की झाकणाची कड तळव्यावर उमटली. सासूबाई रडत नव्हत्या. त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "उपाशी हाये वं पोरगी."

पुढची गाडी मिळाली. उभं राहून निघालो. येळगाव, केळवद, हातणी. प्रत्येक फाट्यावर मी वाकून खाली बघत होते, पोरगी रस्त्याच्या कडेला ओकत बसलेली दिसते का. गाडीतल्या बायकांना सासूबाईंनी सगळं सांगितलं होतं आणि त्या मला धीर देत होत्या, प्रत्येक जण आपल्या ओळखीतल्या हरवलेल्या पोराची गोष्ट सांगून. नांगरलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, आणि मला वाटत होतं, आम्हीच जागेवर आहोत.

चिखलीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीबाहेर बाकावर साक्षी बसलेली होती. बाकावर तिच्या एका बाजूला ओढणी पसरलेली, दुसऱ्या बाजूला बाटली आणि बाटलीखाली रुमाल. तिथेही ती आमच्या जागा धरून बसली होती.

मी तिला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच. "किती वेळा झाली?"

"काय?"

"उलटी."

तिनं विचार केला. खरंच आठवून पाहिल्यासारखा. "नाही झाली," ती म्हणाली. "आठवणच नाही राह्यली."

मग तिनं सांगितलं. गर्दी इतकी होती की मागचं काही दिसत नव्हतं. तिला वाटलं, आम्ही चढलो आहोत आणि मागे उभ्या आहोत. एक बाई तिच्या धरलेल्या सीटवर बसायला आली. साक्षी म्हणाली, माणसं आहेत. बाई म्हणाली, "कुठी हायेत माणसं? ओढणी म्हणजे माणूस असते का?" साक्षी म्हणाली, "येऊन राह्यले." बाईनं ओढणी उचलली, साक्षीनं पुन्हा पसरली. मग एक फेटेवाले बाबा आले, ते म्हणाले, "पोरी, मी तुह्या आज्याच्या वयाचा." साक्षी म्हणाली, "माही आजी तुमच्याहून मोठी आहे अन् तिचे गुडघे दुखतात." सगळी गाडी तिच्याशी भांडत होती. केळवदला थोडी माणसं उतरली, तेव्हा तिला दिसलं की मागे कोणीच नाही. कंडक्टरला तिनं स्वतःच सांगितलं. चिखलीला उतरली, आणि बसून राहिली. जागा सोडायची नाही, असं मीच बजावलं होतं.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, हसता हसता रडल्या. "माय वं, भांडणाचं औषध लागू पडलं पोरीले! आपण लिंबं घेऊन हिंडून राह्यलो!"

मी हसले. मला तेव्हा वाटलं, सुटलो. घाट नाही, पण चिखलीचा रस्ता तर जमतो. मी तिला केळी घेऊन दिली, ती तिनं भराभर खाल्ली. मेहकरची गाडी लागली, या वेळी आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून चढलो. तिला खिडकी दिली. मी शेजारी बसले. पिशवी मांडीवर उघडून ठेवली, उगाच आपली असावी म्हणून. लिंबू तिच्या हातात दिलं.

"कसं वाटते?"

"बरं आहे."

"आता?"

लव्हाळा फाट्याच्या आसपास तिनं माझ्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली.

पुसापुशी झाली. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. सासूबाई पलीकडच्या सीटवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं. कोणत्या गाडीत तिला लागलं आणि कोणत्या गाडीत नाही, हे माझ्यासारख्या बाईला मांडून दाखवायची गरज नव्हती. वास दोन्ही गाड्यांना तोच होता. रस्ता पुढचा तर सरळ. त्या एका गाडीत फक्त मी नव्हते.

खिडकीबाहेर संध्याकाळ उतरत होती, कुठेतरी पालापाचोळा जाळल्याचा धूर आत येत होता. मी खूप जपून लिंबू तिच्या मुठीतून काढून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. अपडाउन होणार, हे त्या क्षणी नक्की झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घशाशी काहीतरी आलं, आणि मला गाडी लागत नाही.

पुढची सगळी वर्षं ती एकटी गेली आणि एकटी आली. सुरुवातीचे काही दिवस त्रास झाला, मग गेला. मी स्टँडवर जायची नाही. ऑफिसच्या खिडकीतून चिखलीच्या गाडीचा हॉर्न ओळखायला शिकले. पाऊस लागून एखादा पूल पाण्याखाली गेला की आवक-जावकच्या कागदांवर माझं लक्ष नसायचं. पण फोन करून "कसं वाटते" असं विचारलं नाही. एवढं एक काम मी त्या वर्षांत मन लावून केलं, न विचारण्याचं. सासूबाईंनी मात्र तिचा निकाल लागला तेव्हा सगळ्या गल्लीला सांगितलं, "आमची साक्षी भांडण करून इंजिनेर झाली."

सासूबाई आता नाहीत. साक्षी नाशिकला नोकरी करते, आणि या एप्रिलमध्ये चार दिवस घरी आली आहे. डबी वाळत होती ती तिला दिसली असावी. म्हणाली, "आई, लोणारला जाऊ. मागच्या वेळी तू खाली उतरूच नाही दिलं." मी म्हटलं, गाड्यांच्या वेळा बघते. ती म्हणाली, "मी पाह्यल्या. तू फक्त बस."

मी फक्त बसू शकत नाही. रात्रीच पिशव्या काढून ठेवल्या होत्या.

आज सकाळी स्टँडवर तीच गर्दी, हळदीच्या साड्या, मोगरा. गाडी येताना दिसली तशी साक्षी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून पुढे गेली. मी खाली राहिले. गाडी फलाटाला लागता लागता पुन्हा मागे सरकायला लागली, आणि माझं सगळं अंग त्या मागे सरकण्याबरोबर गेलं. वळवून लावत होते. खरंच, या वेळी वळवूनच लावत होते. तरी मी पळाले. भरल्या दारातून, लोकांच्या कोपरांतून मी वर चढले.

साक्षी पुढून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. तिच्या शेजारच्या जागेवर एक म्हातारी बसलेली. टॉवेल त्यांच्या मागच्या सीटवर पसरलेला होता.

"तिथी बस," साक्षी मागे वळून म्हणाली. "तुझ्यासाठी धरली."

मी टॉवेल उचलला आणि बसले. समोर तिची मान दिसत होती, बांधलेले केस, कानामागे घामाचा एक थेंब. म्हातारी तिला विचारत होती, "कोण आहे बाई मागं?" "माझी आई." "मंग इथीसा काऊन नाही बसवली?" साक्षीनं काय सांगितलं ते इंजिन सुरू झालं म्हणून मला ऐकू आलं नाही. दोघी हसल्या.

गाडी हलली. मी विचारलं नाही. पिशव्यांवर पर्स ठेवून दिली.

गावाबाहेर पडल्यावर साक्षीनं, मागे न बघता, सीटच्या पाठीवरून हात मागे केला आणि तळवा उघडला. मी डबी उघडून तळव्यावर आवळासुपारी ठेवली. एक तिच्यासाठी, आणि म्हातारीसाठी एक. मूठ मिटली, हात पुढे गेला. मग मी एक माझ्या तोंडात टाकली आणि लोणार येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.